ऑर्गेनोमेटॅलिक रिॲक्शन फसते तेव्हा या चुका टाळा: फ्लास्कमध्ये न घातलेलं काय शिरलं?

जुलैतली दुपार होती. बाणेर-पाषाणच्या टेकडीवर ढग टेकले होते आणि प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या दारावर पाण्याचे थेंब जमले होते. माझी विद्यार्थिनी वही छातीशी धरून समोर उभी होती. "मॅडम, एप्रिलमध्ये हीच रिॲक्शन ८२ टक्के यील्डने गेली होती. आता तिसऱ्यांदा लावली, तर टीएलसीवर प्रॉडक्टचा स्पॉटच नाही. मी काहीच बदललं नाही." (टीएलसी म्हणजे रिॲक्शनमधले पदार्थ वेगळे करून दाखवणारी छोटी पट्टी.) ब्रोमाइड तेच होतं, मॅग्नेशियमचा डबा तोच होता, टीएचएफ या द्रावकाची बाटलीही तीच. आणि तिथेच सगळं अडलं होतं. एप्रिलमध्ये उघडलेली ती बाटली मधल्या काळात चाळीस-पन्नास वेळा उघडली गेली होती, त्यातले कितीतरी दिवस पावसाचे.

ज्या संयुगांत कार्बन थेट धातूला जोडलेला असतो त्या ऑर्गेनोमेटॅलिक संयुगांवर आणि त्यांच्या उत्प्रेरणावर काम करणारी पुष्कळ मुलं पुण्यात आहेत. पाषाण रस्त्यावर १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, २००६ मध्ये शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आली, विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे, शिवाय पिरंगुट-कुरकुंभपर्यंत पसरलेले कारखाने आहेत. रिॲक्शन फसली की या मुलांचा पहिला संशय कल्पनेवर जातो. लिगंड (धातूला जोडलेला रेणू) बदलून बघू, तापमान वाढवू, दुसरा धातू घेऊ. माझा अनुभव असा की आधी एक प्रश्न विचारावा: मी न घातलेलं काय या फ्लास्कमध्ये आहे? पाणी, हवा, मेलेला उत्प्रेरक, किंवा आधीच्या कुणाच्या प्रयोगातला धातू. खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या एका प्रश्नात बसतात.

पाण्याचा हिशेब मांडायचा राहतो

"थोडासा ओलावा असेल" असं मुलं म्हणतात. तो थोडासा म्हणजे किती ते कागदावर काढा. १० मिली टीएचएफमध्ये १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार) पाणी असेल तर ते सुमारे ९ मिलिग्रॅम भरतं, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमोल. तुम्ही एक मिलिमोलची ग्रिन्यार रिॲक्शन (ब्रोमाइड आणि मॅग्नेशियमपासून अभिकर्मक बनवून तो कीटोनला जोडायची) लावली असेल, तर निम्मा अभिकर्मक कीटोनला भेटण्याआधीच संपला. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० मध्ये ही रसायनं जगापुढे आणली आणि १९१२ चं नोबेल मिळवलं. तेव्हापासून पाण्याचं आणि यांचं वैर तसंच आहे.

टीएचएफ कोरडं करायला आपल्याकडे अजून सोडियम आणि बेंझोफिनोनची भट्टी लावतात. निळा रंग आला की मुलं निश्चिंत होतात. त्या रंगाचा अर्थ एवढाच, की कीटिल (सोडियम आणि बेंझोफिनोनपासून बनणारं निळं संयुग) तग धरेल इतपत पाणी आणि ऑक्सिजन कमी झालेत. चांगली तापवलेली ३ आंगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) टीएचएफच्या २० टक्के वजनाने घालून तीन दिवस ठेवली, तर पाणी १० पीपीएमच्या खाली येतं. भट्टीपेक्षा हे सरस आहे, आणि रात्री आग लागायची धास्तीही नाही. पण तापवलेली म्हणजे खरोखर तापवलेली. काचेची भांडी वाळवायच्या ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेली सीव्ह कोरडी होत नाही. तिला व्हॅक्यूमखाली ३०० अंशांच्या आसपास काही तास लागतात. ओळखायचं कसं? चार दाणे हातमोज्यावर घ्या आणि त्यांच्यावर पाण्याचा थेंब सोडा. चांगली सीव्ह लगेच गरम लागते. आणि डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म कधीही सोडियमवर वाळवायला ठेवू नका. त्याचा स्फोट होतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट हमखास घडते. फ्रीजमधून काढलेली बाटली मुलं थंड असतानाच उघडतात. बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड काचेला, थंड पावडरला दव धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबायचं. उणे ७८ अंशांवरच्या फ्लास्कचं झाकण उघडलं तरी हेच होतं, फक्त वेगाने.

मॅग्नेशियमची रिॲक्शन सुरू होत नसेल तर आयोडीनचा एखादा स्फटिक टाका, किंवा १,२-डायब्रोमोइथेनचे दोन थेंब. इथिलीनचे बुडबुडे दिसले की पृष्ठभाग जागा झाला. ते दिसेपर्यंत उरलेलं ब्रोमाइड सोडू नका. सुरू होत नाही म्हणून सगळं ओतलं आणि मग अचानक पेटलं, तर फ्लास्क छताला जातो. इथे पुण्याची उंचीही लक्षात ठेवा. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहोत आणि हवेचा दाब ७१० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो. डायइथिल ईथर समुद्रसपाटीवर ३४.६ अंशांना उकळतं, इथे त्याच्याही एक-दोन अंश आधी. एप्रिल-मेच्या चाळिशीत खिडकीजवळच्या कपाटात ठेवलेली ईथरची बाटली झाकणाखाली उकळतच असते. उन्हाळ्यात मी ग्रिन्यारला टीएचएफच वापरायला सांगते.

फसलेल्या ग्रिन्यारला काय विचारायचं

टीएलसी बघून "रिॲक्शन गेली नाही" असं लिहून फ्लास्क धुवायचा, ही मला सगळ्यांत जास्त खटकणारी सवय. कीटोन घालण्याआधी मिलिलिटरचा दहावा भाग मिश्रण काढा, जड पाण्यात म्हणजे डी-टू-ओमध्ये सोडा आणि जीसी-एमएसला (पदार्थ वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) द्या. मूळ ब्रोमाइड परत दिसलं, तर मॅग्नेशियमच सुरू झालेलं नाही. ब्रोमीनच्या जागी साधा हायड्रोजन दिसला, तर अभिकर्मक तयार झाला होता, पण तुम्ही जड पाणी घालण्याआधीच साध्या पाण्याने त्याला गाठलं. ड्युटेरियम दिसलं, म्हणजे वस्तुमान एकाने वाढलं, तर अभिकर्मक जिवंत आहे आणि दोष पुढच्या पायरीत आहे. दोन एरिल गट (बेंझीनसारख्या वलयाचे तुकडे) एकमेकांना चिकटलेले दिसले, तर ब्रोमाइड फार घाईने किंवा फार गरम असताना घातलं गेलं.

आमच्या विद्यार्थिनीच्या नमुन्यात ड्युटेरियमचा मागमूस नव्हता, सगळा साधा हायड्रोजन. पंधरा मिनिटांच्या कामात तीन आठवड्यांचं कोडं सुटलं.

पाचवी शक्यता मुलांच्या ध्यानातच येत नाही. अभिकर्मक जिवंत, कीटोन शुद्ध, तरी वर्कअपनंतर (पाणी घालून पदार्थ वेगळा केल्यावर) कीटोन जसाच्या तसा परत. इथे ग्रिन्यारने कार्बोनिलवर हल्ला न करता शेजारचा हायड्रोजन ओढून घेतला, इनोलेट बनला आणि पाणी घातल्यावर तो पुन्हा कीटोन झाला. अशा वेळी सीरियम क्लोराइड कामी येतं. पण त्याचं हेप्टाहायड्रेट व्हॅक्यूमखाली हळूहळू तापवत १४० अंशांपर्यंत न्यावं लागतं. घाईने तापवलं तर त्याचाच ऑक्सिक्लोराइड होतो.

सगळीकडे पाणीच शत्रू समजणं

ग्रिन्यारमध्ये हात पोळलेली मुलं सुझुकी कपलिंग (पॅलेडियमच्या उत्प्रेरणाने बोरॉनिक ॲसिड आणि हॅलाइड यांचे गट जोडायची रिॲक्शन) लावतात तेव्हा सगळं हाडासारखं कोरडं करतात. कार्बोनेट वाळवलेलं, टीएचएफ सीव्हवरचं, बोरॉनिक ॲसिड डेसिकेटरमधलं. आणि रिॲक्शन दहा टक्क्यांवर ठप्प. सुझुकीला बहुधा थोडं पाणी हवंच असतं. त्याशिवाय बेस विरघळत नाही आणि बोरॉनवरचा एरिल गट पॅलेडियमकडे जात नाही. टीएचएफ आणि पाणी ४:१ घेऊन बघा.

तिथला शत्रू ऑक्सिजन आहे, आणि त्याचाही हिशेब मांडायला हवा. एक मिलिमोलच्या रिॲक्शनला एक मोल टक्का पॅलेडियम म्हणजे १० मायक्रोमोल. फ्लास्कमध्ये द्रवाच्या वर फक्त १० मिली हवा राहिली, तरी तिच्यात सुमारे ८० मायक्रोमोल ऑक्सिजन असतो, पॅलेडियमच्या आठपट. सुई घालून पाच मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडले, एवढ्यावर भागत नाही. गोठवणं, व्हॅक्यूम लावणं आणि वितळवणं हे चक्र तीनदा करा. फ्लास्क अर्ध्याच्या आतच भरलेला असू द्या, नाहीतर गोठताना काच तडकते.

फुग्यावर तर फार वेळ विसंबू नका. वाढदिवसाला लावलेला फुगा दुसऱ्या दिवशी मलूल का होतो? रबरातून वायू निसटतो म्हणून. ज्या वाटेने आतला बाहेर जातो त्याच वाटेने बाहेरचा ऑक्सिजन आणि ओलावा आत येतो. दोन तासांच्या कामाला फुगा ठीक, रात्रभर ठेवायची असेल तर श्लेंक लाइनला (व्हॅक्यूम आणि निष्क्रिय वायू दोन्ही देणारी काचेची जोडणी) जोडा.

वाया गेलेला पदार्थ फेकण्याआधी नीट बघा. त्यात बोरॉनिक ॲसिडचे दोन तुकडे जोडलेला बायएरिल असेल, तर ऑक्सिजन शिरला होता. फिनॉल दिसला तरी बहुधा तेच. बोरॉन गळून नुसता एरिन उरला असेल, तर त्याला प्रोटोडीबोरोनेशन म्हणतात. २-पिरिडिल आणि बरेच फ्लोरीन असलेल्या बोरॉनिक ॲसिडांना ही खोड फार. त्यांना बेसमध्ये तासन्‌तास शिजवू नका.

पिवळा उत्प्रेरक तपकिरी झाला तरी वापरणं

टेट्राकिस (पॅलेडियमला चार ट्रायफिनाइलफॉस्फिन जोडलेला उत्प्रेरक) नीट असेल तेव्हा झळझळीत पिवळा असतो. बाटलीत तो हिरवट किंवा तपकिरी झाला असेल, तर आपण पॅलेडियम ब्लॅक आणि फॉस्फिन ऑक्साइडचं मिश्रण तोलतोय. फॉस्फरस एनएमआर (फॉस्फरसचे अणू कोणत्या स्थितीत आहेत ते दाखवणारी चाचणी) घेतला की कळतं. ट्रायफिनाइलफॉस्फिनची रेघ उणे ५ च्या आसपास येते, त्याच्या ऑक्साइडची २९ च्या आसपास. परदेशातून मागवलेली बाटली यायला आठवडे लागतात, म्हणून ती जपून वापरायची आपली वृत्ती मला कळते. पण जपायची तर आल्या दिवशीच ग्लव्हबॉक्समध्ये (निष्क्रिय वायू भरलेली बंद पेटी) छोट्या व्हायलमध्ये वाटून ठेवा. एकच मोठी बाटली सहा जणांनी रोज उघडली, तर ती जपली असं म्हणता येत नाही.

नव्या बाटलीवरही डोळे मिटून विश्वास नको. पॅलेडियमचं डीबीए (डायबेन्झिलिडीनॲसिटोन) संयुग आपण सर्रास वापरतो. २०१२ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञांनी बाजारातले त्याचे नमुने तपासले, तेव्हा काहींत ४० टक्क्यांपर्यंत पॅलेडियम नॅनोकणांच्या रूपात सापडलं. म्हणजे एक मोल टक्का घातला असं वहीत लिहिलं, तरी तो तेवढा नव्हता.

फ्लास्कच्या काचेवर काळा आरसा धरला तर तो कधी धरला याची वेळ लिहा. रिॲक्शन संपल्यावर काळं पडणं नेहमीचंच. पहिल्या दहा मिनिटांत पडलं तर लिगंड कमी आहे, ऑक्सिजन आहे किंवा तापमान जास्त आहे.

ब्युटिल लिथियमचंही तसंच. बाटलीवर १.६ मोलर छापलेलं असतं ते भरलं त्या दिवशीचं. तळाला पांढरा गाळ दिसतो तो मेलेला भाग. उलट हेक्सेन उडून गेलं तर ते छापल्यापेक्षा तीव्रही होतं. डायफिनाइलॲसिटिक ॲसिड टीएचएफमध्ये घेऊन पिवळा रंग टिकेपर्यंत सोडा आणि तोच आकडा वापरा. दर आठवड्याला.

रिॲक्शन जाते, पण ती दुसऱ्याच कुणामुळे

आतापर्यंत फसलेल्या रिॲक्शनबद्दल लिहिलं. मला त्यांची तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती गेलेल्या रिॲक्शनची, जिचं श्रेय चुकीच्या धातूला दिलं जातं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत म्युल्हाइमला कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत इथिलीन आणि ट्रायइथिल ॲल्युमिनियमपासून लांब साखळ्या बनवायचं काम चालू होतं. एकदा साखळी वाढायच्या ऐवजी नुसतं ब्युटीन मिळालं. शोध घेतला तेव्हा दोषी निघालं ऑटोक्लेव्हमध्ये राहिलेलं लेशमात्र निकेल. त्यांनी ते भांडं धुवून विषय संपवला नाही. निकेल असं करतं तर बाकीचे धातू काय करतील, असं म्हणून एकेक धातू तपासला. त्यातून १९५३ मध्ये टायटॅनियम सापडलं, साध्या दाबावर पॉलिइथिलीन बनलं आणि १९६३ मध्ये इटलीचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांच्यासोबत नोबेल आलं.

असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. २००३ मध्ये धातूशिवाय सुझुकी कपलिंग होते असा दावा एका गटाने केला. २००५ मध्ये त्याच गटाने छापलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये सुमारे ५० पीपीबी पॅलेडियम होतं, आणि काम तेच करत होतं. एक अब्ज भागांत पन्नास भाग. स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासून दुरुस्त करणाऱ्या त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. २००९ मध्ये फेरिक क्लोराइडच्या काही कपलिंगमागे तांब्याचा लेश असल्याचं दाखवलं गेलं. २०२१ मध्ये अमाइनच्या उत्प्रेरणाने सुझुकी झाल्याचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. त्या अमाइनमध्येच, ते बनवताना वापरलेलं पॅलेडियम उरलं होतं.

म्हणून लोखंड, कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या स्वस्त धातूंवर काम करणाऱ्या मुलांना मी पहिल्याच महिन्यात काही प्रयोग करायला लावते. उत्प्रेरक न घालता रिॲक्शन लावा. अगदी नव्या फ्लास्कमध्ये, नव्या मॅग्नेटिक बीडने (टेफ्लॉन चढवलेला, ढवळणारा चुंबक) लावा. बेस दुसऱ्या कंपनीचा घ्या. धातूचं मीठ ९८ टक्क्यांचं आणि ९९.९९ टक्क्यांचं, दोन्ही वापरून यील्डची तुलना करा. शुद्ध मिठाने यील्ड पडलं तर काम अशुद्धी करत होती. मग मुद्दाम थोडं पॅलेडियम, तांबं, निकेल वेगवेगळं घालून बघा. शेवटी आयसीपी-एमएसला (धातूंचा लेशही मोजणारं यंत्र) नमुना द्या.

बीडबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. टेफ्लॉनवर चरे पडतात, त्यांत धातूचे कण रुततात आणि ॲक्वा रेजियाने (तीव्र आम्लांचं मिश्रण) धुतल्यावरही सगळे निघत नाहीत. करडी पडलेली बीड कॉलमचं द्रावण ढवळायला ठेवा, उत्प्रेरणाच्या रिॲक्शनला नको. नव्या बीडचा खर्च आयसीपीच्या एका नमुन्यापेक्षा कमी पडतो.

पाऱ्याच्या चाचणीचंही सांगते. पाऱ्याचा थेंब टाकला आणि रिॲक्शन थांबली की मुलं काम धातूचे नॅनोकणच करत होते असं लिहून मोकळी होतात. पण पारा काही विरघळलेल्या संकुलांशीही रिॲक्शन करतो. ती एक खूण म्हणून ठेवा आणि जोडीला गरम गाळणी, गतिकी आणि उत्प्रेरकाला मुद्दाम निष्क्रिय करणारे विषबाधेचे प्रयोग ठेवा.

जिवावर बेतणाऱ्या चुका

द्रव नायट्रोजनचा ट्रॅप (पंपाकडे जाणारी वाफ गोठवणारी नळी) लावून श्लेंक लाइन हवेला उघडी राहिली, तर ऑक्सिजन ट्रॅपमध्ये द्रव होतो. तो उणे १८३ अंशांना उकळतो आणि नायट्रोजन उणे १९६ ला, त्यामुळे तो जमणारच. ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला तर डेव्हर (द्रव नायट्रोजनचं भांडं) काढू नका, पंप बंद करू नका. हूडची काच खाली ओढा, खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवा. सॉल्व्हंट आणि द्रव ऑक्सिजन एकत्र आले की स्फोटच. आर्गॉनही उणे १८६ ला द्रव होतो. तो पेटत नाही, पण ट्रॅप गरम झाला की पसरून काच फोडतो.

टर्शरी ब्युटिल लिथियम हवेत आपोआप पेट घेतं. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ते ओढताना सिरिंजचा दट्ट्या निघाला. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, एप्रन नव्हता. तेवीस वर्षांची ती संशोधन सहायक अठरा दिवसांनी गेली. सिरिंज निम्म्याहून जास्त भरू नका, जास्त लागलं तर कॅन्युला (दोन्ही टोकं उघडी असलेली लांब सुई) वापरा. सुती कपडे आणि आगरोधक एप्रन घाला. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा, कारण लिथियम आणि मॅग्नेशियमची आग कार्बन डायऑक्साइडने विझत नाही. आणि एकट्याने कधीच नाही.

पुणेकरांना सांगायला नको, पण नव्याने आलेल्या मुलांना ठाऊक नसतं: गुरुवार हा पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचा वार, आणि वीजही बहुधा त्याच दिवशी जाते. बुधवारी रात्री नळाच्या पाण्यावर कंडेन्सर लावून घरी गेलात, तर गुरुवारी सकाळी कोरडा फ्लास्क आणि तापलेली हॉट प्लेट सापडू शकते. कूलरमधला छोटा पंप बादलीत सोडून पाणी फिरवत ठेवा. तो पंप आणि हॉट प्लेट एकाच स्विचवर जोडा, म्हणजे वीज गेली तर दोन्ही बंद होतील.

एनएमआरच्या नळीतला पाहुणा

हे थोडक्यात. क्लोरोफॉर्म-डीमध्ये (एनएमआरसाठीचं ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) कालांतराने आम्ल तयार होतं आणि नाजूक संकुलं नळीतच मोडतात. मग मोडतोडीचा स्पेक्ट्रम प्रॉडक्टचा म्हणून वाचला जातो. बेसिक ॲल्युमिनातून गाळून घ्या किंवा बेंझीन-डी६ वापरा. रेघा रुंद आणि भलत्याच जागी दिसल्या तर नमुना फेकू नका, संकुल पॅरामॅग्नेटिक (एकाकी इलेक्ट्रॉन असलेलं) आहे का ते आधी बघा.

विद्यार्थिनीने सीव्ह ३०० अंशांवर तापवली, टीएचएफ तीन दिवस त्यावर ठेवलं, मॅग्नेशियम व्हॅक्यूमखाली गरम करून रात्रभर कोरडंच ढवळलं. पुढच्या गुरुवारी, बादलीतला पंप लावून, चौथ्यांदा रिॲक्शन लावली. या वेळी जड पाण्याच्या नमुन्यात ड्युटेरियम होतं, आणि यील्ड ७९ टक्के. तिच्या वहीत आता दर पानाच्या वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी असतात: बाटली उघडल्याची तारीख, सीव्ह तापवल्याची तारीख, बीड नवी की जुनी, आणि त्या दिवशीची हवेतली आर्द्रता.